मॅलार्ड नराच्या डोक्यावरचा हिरवा: एका पोर्ट्रेटचं प्रकरण

मॅलार्ड जातीच्या नर बदकाचं डोकं हिरवंगार असतं, हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. तरीही जवळून काढलेल्या बहुतेक फोटोंत ते डोकं एकतर काळं उतरतं, नाहीतर सपाट हिरवा डाग होऊन बसतं. या प्रकरणात काम नेमकं होतं. एका नराचं डोकं आणि मान, साधारण ६० सेंटिमीटर रुंदीची छपाई, भिंतीवर लागणारी आणि लोक हातभर अंतरावरून बघतील अशी. त्या आकारात डोकं प्रत्यक्षाच्या दुपटीहून मोठं दिसतं. म्हणजे गालावरचं बारीक पीसही सुटं दिसायला हवं, आणि रंग पाहून बदक ओळखणाऱ्या माणसाला खटकायला नको. कॅमेरा माझ्या सहकारी मैत्रिणीच्या हातात होता, एडिटिंग माझ्याकडे होतं, आणि काठावर आम्ही दोघं सोबत बसलो होतो.

आधी रंगाबद्दल, कारण पुढचे सगळे निर्णय तिथूनच निघाले. चोचीचा पिवळा आणि छातीचा तांबूस तपकिरी हे रंगद्रव्यांचे रंग आहेत. उजेड कुठूनही आला तरी पिवळं पिवळंच राहतं, फार तर फिकं किंवा गडद होतं. डोक्याचं तसं नाही. त्या पिसांत हिरवं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या दांड्यातून तंतू निघतात, तंतूंना आणखी बारीक उपतंतू असतात, आणि त्या उपतंतूंच्या केराटिनमध्ये (पीस ज्याचं बनतं त्या प्रथिनात) मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म कण शिस्तीत रचलेले असतात. थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, ठरावीक लांबीच्या लहरी बळावतात आणि डोळ्याला हिरवा दिसतो. कोन तिरपा होत गेला की बळावणारी लहर आखूड होते. मग तेच पीस निळसर, पुढे जांभळं दिसायला लागतं. कोन पुरता सुटला की परत येणारा उजेडच राहत नाही आणि मागचं मेलॅनिन तेवढं उरतं, म्हणजे काळं.

यातून निघणारी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. काळं उतरलेलं डोकं म्हणजे कमी एक्स्पोजर झालेलं, म्हणजे कॅमेऱ्यात कमी उजेड घेतलेलं डोकं नव्हे. तिथून हिरवा प्रकाश लेन्सपर्यंत आलेलाच नसतो, आणि जे आलंच नाही ते सॉफ्टवेअर कुठून आणणार? हा रंग काठावर, सूर्य, पक्षी आणि लेन्स यांच्या कोनात ठरतो. एडिटिंगच्या हाती असतं ते आलेला रंग न बिघडवणं.

काठावर

हंगाम आधीच ठरवून ठेवला होता. विणीनंतर मॅलार्डचे नर तो झळाळता पिसारा टाकतात आणि काही काळ मादीसारखे तपकिरी दिसतात. त्याच सुमारास पंखांची उड्डाणाची पिसंही एकदम गळतात, आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. त्या दिवसांत जवळ जाऊन फोटो काढणं मला मुळीच पटत नाही. पळून जाता न येणाऱ्या पक्ष्याला आपल्यामुळे घाबरावं लागतं. नवा पिसारा पूर्ण भरल्यावरचा काळच पोर्ट्रेटला योग्य असतो. तेव्हा पिसांच्या कडाही झिजलेल्या नसतात.

पाव टाकून बदकं जवळ बोलावायची नाहीत, हेही ठरलेलं होतं. पावाने त्यांचं पोट भरतं, पण पोषण होत नाही. उरलेला पाव पाणी खराब करतो. शिवाय खाण्यासाठी झुंबड करणाऱ्या बदकाचा चेहरा पोर्ट्रेटच्या कामाचा नसतो. आम्ही काठाशी पालथे पडून, कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर बीन बॅगवर टेकवून नुसते पडून राहिलो. बदकं खाण्यात गुंतलेली असली तर स्थिर माणसाची त्यांना हळूहळू सवय होते. मान ताठ करून एका डोळ्याने टक लावणं, खाणं थांबवणं, ही अस्वस्थतेची चिन्हं दिसली की हालचाल थांबवायची, गरज पडली तर मागे सरायचं. एक नर आपणहून सुमारे ४ मीटरवर आला आणि तिथेच पिसं साफ करत राहिला. हे सगळं प्रकरण त्या एकाच पक्ष्याचं.

लेन्स ५०० मिमी, फुल फ्रेम सेन्सर, ४५ मेगापिक्सेल. ४ मीटरवर चौकटीत साधारण २५ सेंटिमीटर रुंदी मावते, म्हणजे डोकं, मान आणि छातीचा थोडा भाग. एफ/५.६ ला (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) नेहमीच्या हिशेबाने फोकसची खोली, म्हणजे धारदार दिसणारा पट्टा, जेमतेम २ सेंटिमीटर मिळते, एफ/८ ला ३. पण हा नेहमीचा हिशेब लहान प्रिंट डोळ्यासमोर ठेवून केलेला असतो. हातभर अंतरावरून पाहायच्या मोठ्या छपाईसाठी ती खोली निम्मीच धरावी. म्हणून एफ/८ घेतलं आणि बाजूचा चेहरा हवा हे पक्कं केलं. बाजूने पाहिलं की बदकाचा डोळा, गाल आणि चोचीची जवळची कड जवळजवळ एकाच प्रतलात येतात. डोळ्यापासून चोचीच्या टोकापर्यंत अंदाजे ८ सेंटिमीटर धरले, तर चोच कॅमेऱ्याकडे १० अंश वळताच टोक दीड सेंटिमीटरभर पुढे येतं, २० अंशांत पावणेतीन. म्हणजे किंचित वळण चालतं, पाऊण चेहरा घेतला की टोक हातचं जातं. समोरून काढलेले, टोक धूसर आणि डोळे धारदार असे फोटो मलाही आवडतात, पण या कामासाठी ते नको होते.

शटर स्पीडचा हिशेब मला त्याहून बोलका वाटला. या चौकटीत बदकाच्या अंगावरच्या १ मिलिमीटरला साधारण ३३ पिक्सेल मिळतात. पाण्यावर नुसतं तरंगत सेकंदाला १० सेंटिमीटर सरकणारं बदक १/१००० सेकंदात एक दशांश मिलिमीटर हलतं, आणि पिसांच्या तंतूवर ते तीनेक पिक्सेलचं पुसटपण होतं. सावकाश पोहत असेल तर कितीतरी जास्त. लोक आधी फोकसला दोष देतात, पण पुष्कळदा दोष या सरकण्याचा असतो. त्यामुळे १/२००० च्या खाली यायचं नाही, आणि तरीही बदक थांबण्याची वाट पाहायची. पिसं साफ करताना ते मान वर काढतं, अंग झटकतं आणि मग क्षणभर अगदी निश्चल असतं. मैत्रिणीने तो क्षण ओळखून तेवढ्यासाठीच बोट तयार ठेवलं. एरवी धडाधड फ्रेम काढण्यापेक्षा हे खूप उपयोगी पडलं.

फोकस डोळ्यावरच हवा, आणि मॅलार्ड नराच्या बाबतीत तोच कॅमेऱ्याला नीट सापडत नाही. गडद डोक्यात गडद तपकिरी डोळा. पक्ष्याचा डोळा ओळखणारी फोकस प्रणालीसुद्धा उठावदार कड दिसली की तिकडे सरकते, मग ते गळ्यातलं पांढरं वलय असो की चोचीची नाकपुडी. फोकसचा चौकोन लहान करून तो हाताने डोळ्यावर ठेवला, तेव्हा कुठे धरसोड थांबली. डोळ्यात आकाशाचा चमकता ठिपका नसेल ती फ्रेम आम्ही मोजलीच नाही. तो ठिपका नसला तर मॅलार्डचा डोळा डोक्यात बुडून जातो. आणखी एक गोष्ट पडद्यावर मोठं करून पाहिल्याशिवाय कळत नाही. बदकाला तिसरी, अर्धपारदर्शक पापणी असते आणि ती डोळ्यावरून आडवी सरकते. अर्धवट सरकलेली असली की डोळा दुधाळ दिसतो, आणि चांगल्या-चांगल्या फ्रेम त्यात बाद होतात.

पोलरायझरचा, म्हणजे चमक कापणाऱ्या फिल्टरचा, विचार झाला आणि सोडून दिला. पाण्यावरची चमक तो सगळ्यात जास्त कापतो ती पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनात. आम्ही जवळजवळ पाण्याच्या पातळीवरून पाहत होतो, तिथे त्याचा उपयोग फार कमी. वर दीडेक स्टॉप उजेड जाणार (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणं). आणि डोक्यावरचा हिरवासुद्धा परतलेला उजेडच असल्यामुळे फिल्टर फिरवताना तोही कमी-जास्त होण्याची भीती.

कोणती फ्रेम

एकाच पक्ष्याच्या, एकाच सकाळच्या फ्रेम, पण त्यांत ठळक चार प्रकार निघाले. ऊन बाजूने आणि थोडं पलीकडून आलेलं: डोकं काळं, कडेला चंदेरी रेघ. ऊन तिरपं: कपाळ हिरवं, गाल जांभळा. ऊन आमच्या पाठीमागून, खांद्यावरून: डोकं हिरवं, पण ठिकठिकाणी पिसं लखलखती आणि त्यांच्याच शेजारची काळी. आणि सूर्यावर पातळ ढग आल्यानंतरच्या थोड्या फ्रेम: उजेड अजूनही पाठीमागूनच, पण पसरलेला.

पाठीमागून आलेलं ऊन हा सर्वसाधारण सल्ला बरोबर आहे. हिरवा त्यातच परततो. पण डोकं गोल असतं, आणि प्रत्येक पिसाचा कल थोडा वेगळा. सूर्य हा लहान, एका बिंदूसारखा स्रोत असल्यामुळे ज्या पिसांचा कल जुळला ती पेटतात आणि बाकीची विझलेली राहतात. पातळ ढगाने तोच स्रोत आकाशाचा मोठा तुकडा होतो. मग कितीतरी जास्त पिसांना आपापल्या कलाचा उजेड सापडतो, आणि हिरवा कपाळापासून मानेपर्यंत सलग पसरतो, मधेच गालामागे निळसर होत जातो. दाट ढगात हे होत नाही. उजेड सगळीकडून येतो खरा, पण पाठीमागचा जोर राहत नाही आणि रंग मंद पडतो. आमची निवड पातळ ढगातल्या फ्रेमवर थांबली: एफ/८, १/२०००, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००. चोच कॅमेऱ्याकडे किंचित कललेली, डोळा उघडा, गालावर पाण्याचे थेंब.

एक्स्पोजर गळ्यातल्या पांढऱ्या वलयावरून धरलं होतं. डोकं गडद दिसतं म्हणून उजेड वाढवावा असा मोह होतो, पण वलय जळलं की त्यातली पिसं परत मिळत नाहीत. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या वाटणीचा आलेख, लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तिन्ही चॅनेलचा वेगवेगळा पाहावा. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉ फाइलमध्ये (सेन्सरच्या कच्च्या नोंदीत) तो दाखवतो त्याहून थोडी जागा उरते. त्या जागेवर मात्र विसंबायला नको.

काळ्या डोक्याच्या फ्रेमवर एक प्रयोग मुद्दाम करून पाहिला, कारण हा प्रश्न नेहमी विचारला जातो. शॅडो आणि एक्स्पोजर मिळून अडीच स्टॉप वर नेलं. डोकं करडं-तपकिरी झालं, दाणेदार झालं, हिरवा आला नाही. जांभळ्या गालाच्या फ्रेममध्ये रंगछटा सरकवून जांभळ्याचा हिरवा करता येतो, पण मूळ हिरवा आणि बनवलेला हिरवा जिथे भेटतात तिथे पिसं चिखलकाल्यासारखी दिसतात. आणि दिसली नसती तरी मी ते केलं नसतं. त्या कोनातून बदक जांभळंच दिसतं, आणि तेही सुंदर दिसतं. हवं तर ते चित्र जांभळं म्हणूनच दाखवावं.

एडिटिंग

रॉ फाइल उघडताच पहिलं काम प्रोफाइल, म्हणजे रंग कसे दाखवायचे ते ठरवणारी मांडणी, बदलण्याचं. चटकदार, निसर्गदृश्य असल्या नावांची प्रोफाइल हिरव्याची तीव्रता आपल्या परवानगीशिवाय वाढवून ठेवतात. तटस्थ प्रोफाइल घेतलं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगाची दुरुस्ती, त्याच जागी, त्याच उजेडात काढलेल्या ग्रे कार्डवरून (तटस्थ करड्या पुठ्ठ्यावरून) घेतला. गळ्याच्या वलयावरून तो घ्यायचा मोह टाळावा, कारण वलयाच्या वरच्या बाजूवर आकाशाचा आणि खालच्या बाजूवर पाण्याचा रंग पडलेला असतो. चोच हा मात्र चांगला पहारेकरी आहे. नराची चोच पिवळी, हिरवट पिवळी असते. एडिटिंगमध्ये ती नारिंगीकडे झुकली तर व्हाइट बॅलन्स जास्त उबदार झालाय असं समजावं. नारिंगी झाक मादीच्या चोचीची, आणि तिच्यावर काळपट डागही असतात.

आता मुख्य गाठ. तटस्थ प्रोफाइलमध्ये डोकं थोडं गडद, थोडं शांत दिसतं, आणि हात आपोआप सॅच्युरेशनकडे, म्हणजे रंगाची तीव्रता वाढवण्याकडे जातो. तुलनेसाठी एक प्रत तशी केली. पडद्यावर पहिल्या नजरेत ती भारी वाटली. मोठं करून पाहिल्यावर गालावर पिसंच नव्हती. कारण तिन्ही चॅनेल सुटे पाहिले की लगेच कळतं. इतका तीव्र, निळ्याकडे झुकणारा हिरवा एसआरजीबीच्या, म्हणजे पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगसंचाच्या, रंगमर्यादेबाहेर जातो. मग लाल चॅनेल शून्यावर बसतो. गालाच्या मोठ्या भागात लाल चॅनेल शून्य म्हणजे त्या चॅनेलमधला सगळा तपशील संपला, आणि हिरवा चॅनेलही बऱ्याच भागात एकाच उंचीवर आला. पिसाची कड डोळ्याला दिसते ती मुख्यतः उजेडाच्या फरकाने. तो फरकच सपाट झाला.

म्हणून उलट केलं. हिरव्या आणि निळसर हिरव्या पट्ट्यांची तीव्रता थोडी कमी केली, लाल चॅनेल जमिनीवरून उठेपर्यंतच. मग फक्त डोक्यापुरता मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, उजेडाचा कर्व्ह (छटा वर-खाली करणारी रेषा) लावला, रंगाला हात न लावता: मधल्या छटा थोड्या वर, अगदी गडद छटा होत्या तिथेच. पिसांच्या कडा सुट्या झाल्या आणि डोकं आधीपेक्षा जास्त हिरवं वाटायला लागलं, आकड्यांत तीव्रता कमी असूनही. झळाळी म्हणजे शेजारशेजारच्या पिसांतला उजेड-अंधाराचा खेळ. तो वाचला की रंग आपोआप जिवंत वाटतो. गालामागची निळसर छटा तशीच ठेवली. ती पुसून डोकं एकाच हिरव्याचं करणं म्हणजे गोल डोकं सपाट करणं. काळ्या-हिरव्या कायुगा जातीच्या पाळीव बदकांचं तर जवळजवळ सगळं अंगच असं झळाळतं. तिथे ही पद्धत आणखी कामी येते.

आयएसओ ३२०० चा दाणा पार्श्वभूमीच्या पाण्यात दिसत होता, डोक्यावर फारसा नाही. पाण्यात नॉइज रिडक्शन (दाणा कमी करणं) मोकळ्या हाताने, डोक्यावर अगदी हलकं. यंत्रशिक्षणावर चालणारी साधनं पाणी फार छान साफ करतात, पण पिसांवर ती कधी तंतू पुसतात आणि कधी नसलेले तंतू रचतात. मूळ फाइल शेजारी ठेवून २०० टक्क्यांवर तपासल्याशिवाय तो निकाल घेऊ नये. शार्पनिंग लहान त्रिज्येचं, मास्क लावून, चोचीची पार्श्वभूमीला भिडणारी कड वगळून. तिथे पांढरी किनार सगळ्यात आधी उमटते.

डोळ्यात बुबुळाभोवतीचा तपकिरी भाग अगदी थोडा उजळला, म्हणजे बुबुळ आणि त्याच्याभोवतीचं वर्तुळ वेगळं कळेल एवढाच. चमकत्या ठिपक्याला हात लावला नाही. चोच हा चित्रातला सगळ्यात उजळ मोठा भाग, नजर डोळ्यावरून तिकडे घसरत होती, म्हणून पिवळ्याचा उजेड जरासा उतरवला. हनुवटीखाली पाण्याचा हिरवट-निळा उजेड पडला होता. तो निम्मा कमी केला, सगळा नाही. पाण्यावर बसलेल्या पक्ष्याला पाण्याचा उजेड लागणारच.

साफसफाईवर मात्र आमच्यात मतभेद झाला. चोचीवर चिखल होता, गालावर थेंब होते, आणि डोळ्याच्या कडेलाच एक थेंब इतका लख्ख होता की दुसरा चमकता ठिपका वाटत होता. मैत्रिणीचं म्हणणं, तो काढून टाक, नजर गोंधळते. माझं म्हणणं, बाकीचे ठेवून एकच काढला तर आपण थेंब निवडायला बसलो. शेवटी तो मंद केला, पुसला नाही. चिखल राहिला. चिखलात चोच घालूनच हा पक्षी जेवतो. पार्श्वभूमीतलं धूसर पांढरं पान गडद केलं, काढलं नाही. छपाईच्या खाली कुठले बदल केले ते एका ओळीत लिहायचं ठरलं, आणि त्या ओळीत लिहायला लाज वाटेल असं काही करायचं नाही हे दोघांनाही मान्य होतं.

छपाई

कडा थोड्या कापल्यावर रुंदीत सुमारे ६९०० पिक्सेल उरले, म्हणजे ६० सेंटिमीटरला इंचामागे २९० च्या आसपास. फाइल मोठी करण्याची गरज पडली नाही. मॅट कागद मला एरवी आवडतो, पण त्यावरचा काळा तितका खोल जात नाही, आणि या चित्राचा सगळा जीव गडद हिरव्यात आहे. म्हणून अर्धचकचकीत कागद. त्या कागदाचं प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाई कशी दिसेल त्याचा पडद्यावरचा अंदाज, पाहिलं तेव्हा गालाचा काही भाग मर्यादेबाहेर दिसला. असे रंग कागदाच्या मर्यादेत बसवण्याच्या दोन पद्धती पाहिल्या: रिलेटिव्ह कलरिमेट्रिकमध्ये तेवढा भाग कापला जाऊन चपटा होत होता, पर्सेप्च्युअलमध्ये सगळे हिरवे थोडे आत ओढले गेले आणि पिसं टिकली. पर्सेप्च्युअल घेतलं.

आधी फक्त डोक्याची पट्टी छापून ती जिथे लागणार त्याच दिव्यांखाली धरून पाहिली. पडद्यापेक्षा ती गडद वाटली, जशी बहुतेक पहिली पट्टी वाटते. काम सांगणाऱ्यांकडूनही लगेच मागणी आली की हिरवा वाढवा. आम्ही वाढवला तो मधल्या छटांचा उजेड, तोही फक्त डोक्याच्या मास्कमध्ये, तीव्रता जिथल्या तिथे ठेवून. दुसरी पट्टी त्यांना दाखवली आणि ती मंजूर झाली.

पडद्यासाठीची प्रत वेगळी केली. ती छपाईच्या, मोठ्या रंगमर्यादेतल्या फाइलवरून नुसती एसआरजीबीत बदलली असती तर लाल चॅनेल पुन्हा शून्यावर गेला असता. त्यामुळे हिरव्याची तीव्रता तिथे आणखी थोडी उतरवली, लहान आकारासाठी शार्पनिंग नव्याने लावलं, आणि प्रोफाइल फाइलमध्ये जोडून ठेवलं.